हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा?

कॅडेट मित्रांनो, मागच्या सत्रात एका रविवारी मी तुमच्यातल्या एकावर जोरात ओरडलो. एम.टी. शेडच्या मागे चिंचेखाली आपली जुनी जीप उभी आहे. छंद मंडळाच्या मुलांनी पुढून हँडल बसवले होते आणि एक उत्साही कॅडेट बॅट धरावी तसे ते हँडल धरून, सगळे वजन टाकून खाली दाबायच्या तयारीत होता. चार बोटे एका बाजूने, अंगठा दुसऱ्या बाजूने, मूठ घट्ट आवळलेली. मी ओरडलो, तो दचकून मागे सरला आणि बाकीचे हसले. नंतर मेसमध्ये चर्चा झाली म्हणे, की गाडीत बॅटरी नाही, पेट्रोल नाही, मग सर एवढे घाबरले कशाला?

त्या दिवशी खरोखरच काही झाले नसते. पण सवय लागते ती अशाच दिवशी. आणि मला घाबरण्याचे कारण माझ्या उजव्या मनगटात आहे. नीट पाहिलेत तर ते थोडे वाकडे दिसेल. मी अकरावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलो होतो. मामाकडे डिस्पोजलमध्ये घेतलेली जीप होती. थंडीत ती सेल्फवर उठायची नाही. मामा म्हणाला, "दे जरा हँडल." मी दिले. हँडल अर्धे फिरले, आतून ठोका बसला आणि ते उलटे फिरून माझ्या मनगटावर आदळले. फिटरने आदल्याच दिवशी टायमिंग 'जरा पुढे' करून दिले होते, हे नंतर कळले. हाड मोडले ते अंगठ्याच्या बाजूचे, मनगटाच्या अगदी वरचे. डॉक्टरांच्या पुस्तकात या मोडीला आजही 'शोफरचे फ्रॅक्चर' म्हणतात. मोटारी हँडलने चालू करण्याच्या काळात चालकांची मनगटे नेमकी तिथेच मोडत, म्हणून हे नाव पडले.

असे का होते ते समजून घेऊ. नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात बसेल एवढेच आहे.

इंजिनात पिस्टन वर जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबतो. प्लगने ठिणगी टाकली की मिश्रण पेटते, पण ते एका क्षणात स्फोट पावत नाही. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला दोन-तीन मिलिसेकंद घेते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे एका मिलिसेकंदात १८ अंश. ज्योत पसरेपर्यंत क्रँक चाळीस-पन्नास अंश फिरून गेलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या बरीच आधी टाकावी लागते, तरच पूर्ण दाब पिस्टन खाली निघताना मिळतो. याला आपण टायमिंग पुढे घेणे म्हणतो.

आता तुम्ही हाताने हँडल फिरवता आहात. मिनिटाला ६० फेरे धरा. एका मिलिसेकंदात क्रँक फिरतो अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ठिणगी जर वीस अंश आधी पडली, तर पिस्टन अजून वर चढत असतानाच मिश्रण पुरते पेटून मोकळे होते. दाबाला वाट एकच उरते, पिस्टनला आल्या वाटेने परत ढकलायचे. क्रँक उलटा फिरतो आणि त्याबरोबर हँडलही. हँडलच्या टोकाला जो दाता असतो तो इंजिन पुढे पळाले तर आपोआप सुटतो, अशी त्याची उतरती घडण असते. उलट फिरले तर मात्र तो सुटत नाही, आणखी घट्ट अडकतो. अर्थात मधे येतो तो तुमचा हात.

म्हणून नियम असा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. वर ओढताना ते उलटले तर बोटे सरळ होऊन हँडल हातातून निसटते. दाबताना उलटले तर तुमच्या शरीराचे सगळे वजन त्याच्यावर असते आणि हात सुटायला जागाच नसते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर दाबाला येतो. तो जड भाग हाताला लागला की थांबा, हँडल काढून पुन्हा खालच्या बाजूला बसवा आणि एकच झटका वर द्या. गरगर फिरवत राहणे सिनेमात ठीक आहे.

जुन्या मोटारींत यावर आणखी एक उपाय असे. ठिणगी केव्हा टाकायची ते चालकाच्या हातात होते. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल-टी गाडीत स्टिअरिंगखाली दोन लिव्हर होते. डावा ठिणगीचा, उजवा पेट्रोलचा. हँडल मारायला उतरण्याआधी डावा लिव्हर मागे करायचा, इंजिन उठले की धावत येऊन तो पुढे घ्यायचा. विसरलात तर डॉक्टर. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आपल्या गाड्यांत बसवला, आणि मोटार चालवायला पहिलवान असण्याची गरज उरली नाही. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरत्या वजनांची सोय आली आणि टायमिंग वेगाप्रमाणे आपोआप पुढे-मागे होऊ लागले. आपल्या जीपमध्येही तीच सोय आहे. पण ती वजने जिथून सुरुवात करतात तो मूळ बिंदू माणूसच बसवतो, आणि तो चुकला की काय होते ते मी वर सांगितलेच.

मॉडेल-टी चा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो, कारण आज कोणत्याही चालकाला त्या गाडीत बसवले तर तो पहिल्याच वळणावर भिंतीला धडकेल. तिला तीन पेडल आहेत, पण त्यांतले एकही अॅक्सिलरेटर नाही. डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला गिअर, पूर्ण सोडले की दुसरा, अर्ध्यावर न्यूट्रल. मधले पेडल मागे जाण्यासाठी. उजवे ब्रेकचे. पेट्रोल हाताने द्यायचे. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल उताराने कार्बोरेटरपर्यंत येणार. त्यामुळे चढ फार तीव्र असला आणि टाकी अर्धी रिकामी असली की पेट्रोलच पोचत नसे. मग लोक गाडी वळवून घाट उलट्या गिअरमध्ये चढत. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. मोटार म्हणजे काय, तिचे पेडल कुठे असावेत, हे तेव्हा अजून ठरलेले नव्हते. जुन्या यंत्रांत मला सर्वांत मजा वाटते ती याचीच. प्रत्येक कारागिराने उत्तर स्वतः शोधलेले असते.

त्याहून मागे जायचे तर १८८६. त्या वर्षी २९ जानेवारीला कार्ल बेंझने आपल्या तीन चाकी गाडीचे पेटंट नोंदवले. तीनच चाके का, तर पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळवण्याची समाधानकारक रचना त्याला तोवर सापडली नव्हती. सोपा उपाय, एकच चाक ठेवा. गाडी विकली जाईना, तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव विकत घेऊन तेच इंधन म्हणून भरले. पेट्रोलची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. उतारावर ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्याला चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात अशी झाली. पहिली लांब पल्ल्याची चालक, आणि रस्त्यात गाडी दुरुस्त करणारी पहिली फिटरही, एक बाई होती हे आपल्या वर्गातल्या काही वीरांनी लक्षात ठेवावे.

आपल्या देशात विचित्र यंत्रांची कमी नव्हती. १९१० साली कोलकात्यात रस्त्यावर एक हंस आला. मॅथ्यूसन नावाच्या तिथल्या एका हौशी इंग्रजाने इंग्लंडमधल्या ब्रूक कंपनीकडून खास बनवून घेतलेली ही मोटार. पुढचा सगळा भाग लाकडात कोरलेला प्रचंड हंस, आणि त्याच्या चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडे, गर्दीने वाट सोडावी म्हणून. मागून पांढरा चुना टाकण्याचीही व्यवस्था होती. तो कशासारखा दिसावा अशी मालकाची इच्छा होती ते मी लिहीत नाही. लोकांची इतकी धांदल उडाली की पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुढे ती नाभ्याच्या महाराजांकडे गेली आणि आज ती नेदरलँड्समध्ये द हेग इथल्या लाऊमन संग्रहालयात आहे. हैदराबादला सुधाकर यांचे सुधा कार म्युझियम आहे, तिथे हा वेडेपणा अजून चालू आहे. क्रिकेटची बॅट, बूट, कॅमेरा अशा आकाराच्या गाड्या, आणि त्या चालतातही.

पण मला विचाराल तर भारतातले सर्वांत हुशार विचित्र वाहन दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. पतियाळा संस्थानाची एकरुळी गाडी. सुट्टीत दिल्लीमार्गे घरी जाणाऱ्यांनी मुद्दाम पाहावी.

१९०७ च्या सुमारास पतियाळा संस्थानात सरहिंदजवळ ही गाडी सुरू झाली. रस्त्याच्या कडेला एकच रूळ टाकलेला. गाडीची मुख्य चाके, दोन्ही बाजूंना कड असलेली, त्या एका रुळावर. आणि गाडी पडू नये म्हणून एका बाजूला, आडव्या दांड्याच्या टोकाला, एक मोठे चाक, जे साध्या रस्त्यावरून धावते. कल्पना युइंग नावाच्या इंग्रजाची, बांधणी कर्नल बोल्स यांची. ओढायला खेचरे. संस्थानाला साम्राज्याच्या सेवेसाठी खेचरांची पथके पाळावी लागत, शांततेच्या काळात ती बसून खात. त्यांना काम मिळाले. हा हिशेब एखाद्या क्वार्टरमास्टरलाच सुचावा असा आहे.

यातली खरी गंमत वजनाच्या वाटणीत आहे. सुमारे ९५ टक्के भार रुळावर आणि उरलेला पाचेक टक्के रस्त्यावरच्या चाकावर. हे कसे साधायचे? तराजूचा नियम. समजा रूळ आणि बाजूचे चाक यांत २ मीटर अंतर आहे. मालाचा गुरुत्वमध्य बरोबर रुळावर असेल तर बाजूच्या चाकावर भार शून्य. तो रुळापासून १० सेंटिमीटर चाकाकडे सरकवा. १० भागिले २००, म्हणजे ५ टक्के भार चाकावर गेला. एवढ्यात चाक रस्त्याला टेकून राहते आणि गाडी स्थिर होते. तोच माल १० सेंटिमीटर दुसऱ्या बाजूला गेला तर चाक उचलले जाईल आणि गाडी कलंडेल. म्हणजे पोती भरणाऱ्या हमालाला भौतिकशास्त्र येत असले पाहिजे, निदान त्याच्या हाताला तरी.

फायदा काय? लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना कच्च्या रस्त्याच्या मानाने कितीतरी कमी जोर लागतो. जवळजवळ सगळा भार रुळावर असल्याने रेल्वेचा हलकेपणा मिळाला आणि खर्च मात्र एकाच रुळाचा. दोन रूळ समांतर राखायची कटकट नाही, मोठा भराव नको, असलेल्या रस्त्याची कड पुरते. गाव आले, वळण आले तर गाडी सहज वळते. पुढे बर्लिनच्या ऑरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिने आली, तीही एका रुळावर उभी. १९२७ मध्ये हे सारे बंद पडले. मोटारी आल्या होत्या, रस्ते सुधारले होते. यंत्रे गवतात पडून राहिली. १९६२ मध्ये माइक सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रजाच्या ती नजरेस पडली, आणि मग उत्तर रेल्वेच्या अमृतसरच्या कारखान्यातल्या कामगारांनी एक इंजिन पुन्हा चालते केले. पस्तीस वर्षे ती यंत्रे गवतात असताना कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारली असती तर आज आपल्याकडे फक्त एखादा फोटो असता.

सैनिकी शाळेत आहोत, तेव्हा चिलखती गाडीबद्दल न लिहिणे बरे नव्हे. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात महाराष्ट्रातून येणारे पुष्कळजण जाऊन आले असतील. तिथे पॅटन आणि विजयंतापाशी सगळे फोटो काढतात आणि रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या चिलखती गाडीवरून नजर फिरवून पुढे जातात. असे करू नका. राजे-महाराजांना फिरवणारी ही मोटार १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाने युद्धात उतरवली. खाली पडलेल्या वैमानिकांना आणायला जलद गाड्या हव्या होत्या, आणि मोटारींत सर्वांत भरवशाची हीच. तिच्यावर पोलाद चढवले, फिरता बुरूज आणि मशीनगन बसवली. वजन चार टनांवर गेले. मागच्या बाजूला जोडचाके आणि भक्कम पाटे आले, पण सांगाडा आणि इंजिन मूळचेच. आलिशान मोटारीचा सांगाडा एवढे ओझे पेलू शकला, कारण तो मुळातच गरजेपेक्षा मजबूत बांधलेला होता. १९१६ च्या मार्चमध्ये वाळवंटातल्या बीर हकीम इथे अडकलेल्या 'तारा' या बुडालेल्या जहाजावरच्या नव्वदहून अधिक कैद्यांना ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ताफ्याने सोडवून आणले, त्यात पुढे याच गाड्या होत्या. या गाडीच्याही स्टिअरिंगवर ठिणगी पुढे-मागे करण्याचा लिव्हर आहे.

आता आपल्या जीपकडे. तिची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. अमेरिकी सैन्याने १९४० च्या उन्हाळ्यात हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि नमुना द्यायला दिले ४९ दिवस. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो वेळेत दिला. पण मोठे कंत्राट मिळाले विलीजला, कारण तिचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, सर्वांत ताकदवान होते. आणि पुढे फोर्डलाही त्याच नकाशावर जीप बनवायला सांगितले. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप काढल्या. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवले, आणि आज जगभरचे जीपवेडे भिंग घेऊन तो एफ शोधत असतात. त्या जीपची एक खुबी मला फार आवडते. हेडलाइट बिजागरीवर बसवलेले होते. रात्री बिघाड झाला की दिवा उलटा फिरवून थेट इंजिनावर उजेड पाडता येई. कुणा अंधारात चाचपडलेल्या माणसाची ही कल्पना असली पाहिजे.

आपली जीप उंच बॉनेटची आहे, मुंबईच्या महिंद्रने विलीजच्या परवान्यावर बनवलेल्या घराण्यातली. बॉनेट उंच का, हा प्रश्न सातवीतल्या एकाने विचारला आणि मला आनंद झाला. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये होते. जास्त हवा आत घेता यावी म्हणून पुढच्या इंजिनात हवा घेणारा व्हॉल्व्ह वर डोक्यात नेला, धूर सोडणारा खालीच ठेवला. ताकद वाढली पण इंजिनाची उंचीही वाढली, आणि बॉनेटला मान वर करावी लागली.

हिच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायला गेलात तर करकर आवाज येईल, आणि तो आवाज म्हणजे दात्यांची पूड होण्याचा आवाज. कारण साधे आहे, दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना तुम्ही त्यांचे दाते एकमेकांत घुसवू पाहता. मामाची पिढी डबल क्लच मारायची. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या म्हणजे आतल्या चाकाचा वेग वाढेल, पुन्हा क्लच दाबा आणि गिअर टाका. जमले तर लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. कानाने शिकायची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झाली की गाडी बंद पडायची, तेव्हा पंपावर ओला फडका ठेवून चहा प्यायचा, हेही त्याच पिढीकडून.

या जीपचे काय करायचे यावर आपल्याकडे दोन मते आहेत, हे सर्वांना माहीत आहे. एक, इंजिन काढून, चकाचक रंगवून ती मुख्य फाटकापाशी चौथऱ्यावर उभी करावी. दुसरे, ती चालती करावी. प्राचार्य साहेबांनी छंद मंडळाला वार्षिक दिनापर्यंत मुदत दिली आहे. तोवर इंजिन चालू झाले तर जीप आपली, नाही तर चौथरा. मी दुसऱ्या पक्षाचा आहे हे लपवत नाही. पण पहिल्या पक्षाचेही म्हणणे खोटे नाही. चालती गाडी कायम वेळ, पैसा आणि लक्ष मागते, आणि आजचे उत्साही कॅडेट दोन वर्षांनी पास होऊन जातील.

पालकदिनाला एका वडिलांनी विचारले, की अभ्यास सोडून भंगारात कशाला वेळ घालवता? मी त्यांना हँडलचे गणित समजावले. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आमच्या वडिलांची जीप गावाकडे गोठ्यात आहे, तिचे काही करता येईल का?" तेव्हा पालकांसाठी चार ओळी. २०२१ पासून केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले आहेत. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे, जिचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल झालेले नाहीत, ती यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा आधी जुने आर.सी. बुक शोधा, पत्र्याच्या पेटीत असेल. आणि कृपा करून त्या जीपला डिझेल इंजिन किंवा रुंद चाके बसवू नका. गॅरेजवाला आग्रह करील. मूळ रूप एकदा गेले की ती विंटेज राहत नाही, नुसती जुनी होते.

आपल्या जीपची आजची स्थिती अशी. इंजिन जाम होते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल घातले आणि आठवडाभर हात लावला नाही. मग हँडलने, प्लग न लावताच, अगदी हळू पुढे-मागे करत ते सोडवले. पूर्ण फेरा फिरला तेव्हा मुलांनी जो आरडाओरडा केला त्याने मेसमधले आचारी बाहेर आले. प्लग लावून दाब पाहिला. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर बरे आहेत. तिसऱ्यात दाब जवळजवळ नाही. त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिले. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट भरून दाब वाढला असता. वाढला नाही. म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून आहे, आणि इतकी वर्षे उभ्या गाडीत खालचा, धुराचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून अडकला असण्याचीच शक्यता जास्त.

येत्या रविवारी पी.टी. आणि न्याहारी झाल्यावर बाजूचे झाकण उघडून तो पाहायचा आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी जुनी बनियन घालून यावे, ती परत पांढरी होणार नाही. घड्याळ आणि कडे काढून ठेवावे. हँडलला माझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावू नये, आणि लावला तर अंगठा कुठे ते आता माहीत आहे.